रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून मध्यम लहरीवर दूरची केंद्रं कशी पकडायची?

गुळे_किनारा

नमस्कार मंडळी. घर रत्नागिरी-पावस पट्ट्यात आहे, समुद्र साधारण ४०० मीटरवर, मागे सडा (जांभ्याचं उघडं पठार). रेडिओ टेकसन पीएल-३३०, बाहेरची अँटेना काहीच नाही. आजवर शॉर्ट वेव्हच ऐकत होतो. या थंडीत मध्यम लहरीवर (मीडियम वेव्ह) दूरची केंद्रं नीट ऐकायची आहेत.

सध्याची परिस्थिती अशी. दिवसा ११४३ किलोहर्ट्झवर आपलं रत्नागिरी दणदणीत, १२८७ वर पणजी बऱ्यापैकी, १०४४ वर मुंबई क्षीण. बाकी सगळीकडे खरखर आणि तिच्याखाली एक सततची भुणभुण. रात्री आठनंतर पट्टा गच्च भरतो, पण निम्म्या जागांवर दोन-तीन केंद्रं एकमेकांत मिसळलेली असतात. ८८२ चं उदाहरण घ्या. दक्षिणेकडच्या कुठल्याशा भाषेतलं प्रवचन आणि त्याच्याखाली आकाशवाणीसारखं काहीतरी, दोन्ही सारख्याच जोराने. काही ठिकाणी कार्यक्रमच नाही, नुसता धबधब्यासारखा आवाज.

भुणभुण कशी घालवू? कोणत्या वेळेला कुठल्या दिशेचं लागतं? अँटेना घरीच करायची तर काय करू, आणि रेडिओ घेऊन समुद्रावर जाण्यात खरंच अर्थ आहे का?

चिरेबंदी

अँटेनाचं नंतर बघू. आधी भुणभुण कुठून येते ते शोधा, कारण चांगली अँटेना केंद्राबरोबर घरातला गोंगाटही मोठा करते.

दुपारी एक-दोनच्या सुमारास बसा. त्या वेळी दूरचं काही लागत नाही, त्यामुळे जे ऐकू येतं ते जवळचंच असतं. चार्जिंगची वायर काढा, रेडिओ त्याच्या बॅटरीवर ठेवा. पट्ट्यात एक रिकामी जागा निवडा, आवाज ठरावीक ठेवा आणि घराचा मेन स्विच पाडा. भुणभुण गेली तर चोर घरात आहे. मग एकेक एमसीबी चढवत जा, आणि ती ज्या खोलीत परत येईल तिथली उपकरणं एकेक करून तपासा. इन्व्हर्टर असेल तर त्याचा स्विच वेगळा बंद करा. मेन पाडल्यावर तो स्वतःच चालू होतो आणि आपली फसगत होते.

आवाजावरूनही चोर ओळखता येतो. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर कर्कश भुणभुण करतो. वेग बदलला की तिचा सूर बदलतो आणि पूर्ण वेगावर ती जवळजवळ नाहीशी होते. मोबाइलचे स्वस्त चार्जर पट्ट्यात ठरावीक अंतरावर उंचवटे करतात: डायल फिरवताना गुरगुर वाढते, कमी होते, पुढे पुन्हा वाढते. एलईडी दिवा पट्टाभर सारखा भुणभुणतो. सेट-टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी आतून चालूच असतो, त्याचा प्लगच काढावा लागतो. सोलरचा कंट्रोलर फक्त उन्हात बोलतो. रात्रीच्या ऐकण्याला त्याचा उपद्रव नाही, तेव्हा त्याच्यामागे लागू नका.

मेन पाडूनही आवाज राहिला तर बाहेर बघा. सेकंदाला एक याप्रमाणे टकटक येत असेल तर जवळच्या बागेतलं डुकरांसाठी लावलेलं झटका कुंपण. तार झाडाला किंवा गवताला टेकते तिथे ठिणगी उडते आणि टकटक वाढते. मालकाला सांगून तारेखालचं गवत काढलं तर त्याचं कुंपणही सुधारतं आणि आपला पट्टाही. पहाटे दव पडल्यावर तडतड सुरू होऊन ऊन चढल्यावर थांबत असेल तर विजेच्या खांबावरच्या चिनीमातीच्या इन्सुलेटरवर मिठाचा थर बसला आहे. पावसाळ्यात तो धुऊन जातो आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत पुन्हा जाड होतो. खांबाचा नंबर लिहून घ्या आणि वायरमनला कळवा. स्वतः काठी लावायला जाऊ नका.

फेराइटचे क्लिप-ऑन मणी घेण्यात पैसे घालवू नका. शॉर्ट वेव्हला ते थोडेफार उपयोगी पडतात, मध्यम लहरीवर वायर एकदाच आरपार गेली तर अडथळा नगण्य. मोठी फेराइट रिंग घेऊन चार्जरची वायर तिच्यातून १०-१५ वेढे फिरवली तर फरक कळतो. त्याहून सोपं म्हणजे रेडिओ उचलून अंगणात माडाखाली न्या. घरच्या वायरिंगचा गोंगाट अंतराबरोबर फार झपाट्याने उतरतो. माजघर आणि अंगणाचं टोक यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

धबधब्यासारखा आवाज येतो ते बिघाडाचं लक्षण नाही. आकाशवाणीने तीसहून जास्त मध्यम लहर प्रक्षेपकांवर डीआरएम म्हणजे डिजिटल प्रक्षेपण बसवलं आहे. साध्या रेडिओवर ते तसंच ऐकू येतं. काही केंद्रं नेहमीचं प्रक्षेपण चालू ठेवून शेजारच्या जागेत डिजिटल सोडतात. तुम्हाला हवं असलेलं केंद्र त्याच्या खालच्या बाजूला असेल तर रेडिओ एसएसबीवर (लहरीचं एकच अंग ऐकवणारी पद्धत) टाका, एलएसबी म्हणजे खालचं अंग निवडा आणि शीळ शून्यावर येईपर्यंत बारीक ट्यूनिंग करा. धबधबा वरच्या अंगाला राहतो आणि आपण खालचं अंग ऐकतो. धबधबा खालच्या बाजूला असेल तर यूएसबी, म्हणजे वरचं अंग.

उत्तररात्र

वेळांचं गणित सूर्यावर चालतं, घड्याळावर नाही. आकाशात साधारण ६० ते ९० किलोमीटर उंचीवर डी थर असतो. उन्हात तो मध्यम लहरी शोषून घेतो, म्हणून दिवसा फक्त जमिनीलगत किंवा पाण्यावरून येणारंच लागतं. ऊन गेलं की हा थर विरतो, लहरी वरच्या थरांवरून परततात आणि हजार-दोन हजार किलोमीटरवरचं ऐकू येतं. मार्गाचा जितका भाग अंधारात, तितकं केंद्र स्वच्छ.

सूर्य एक अंश रेखांश ओलांडायला ४ मिनिटं घेतो. रत्नागिरी ७३.३ अंशांवर, ढाका ९०.४ वर, मस्कत ५८.४ वर. म्हणजे ढाक्याचा सूर्यास्त आपल्या तासभर आधी, मस्कतचा तासभर नंतर. थंडीत अक्षांशामुळे यात थोडा फरक पडतो: डिसेंबरात ढाका सव्वा तासाहून थोडं जास्त आधी, मस्कत पाऊण तास नंतर. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. तेव्हा पावणेसहा ते साडेसहा पूर्वेकडे कान लावा, ६९३ वर ढाका शोधा. त्या वेळी आखातावर ऊन असतं, त्यामुळे तिकडची बलाढ्य केंद्रं मध्ये येत नाहीत. ही अर्धा-पाऊण तासाची संधी रात्री आठ वाजता बसणाऱ्याला मिळतच नाही.

पहाटे उलटं होतं. पूर्वेचा मार्ग आधी उजाडतो आणि ती केंद्रं विरतात. पश्चिमेला अजून काळोख असतो. आपल्या सूर्योदयाआधीची शेवटची २०-३० मिनिटं आखात आणि अरबस्तान यांच्यासाठी सर्वांत चांगली, कारण खालची गर्दी निघून गेलेली असते. डिसेंबर-जानेवारीत आपला सूर्योदय सातच्या आसपास, म्हणजे सव्वासहा ते सात बसा. ५४० वर कुवेत की पेशावर ते ओळखा, १४१३ वर ओमानमधल्या अ'सीलाचा बीबीसीचा रिले बघा (तो पूर्वी मसिराह बेटावर होता), १५२१ वर सौदीचं केंद्र शोधा. केंद्रं बंद होतात, वेळा बदलतात, आकाशवाणीचीही मध्यम लहरीवरची बरीच प्रक्षेपणं आता थांबली आहेत. म्हणून छापील यादीवर विसंबू नका. एमडब्ल्यूलिस्टसारखी ताजी यादी उघडी ठेवा आणि शेवटी कानावर भरवसा ठेवा.

आपल्याकडे जागा ९-९ किलोहर्ट्झवर आहेत, ५३१ पासून १६०२ पर्यंत. रेडिओ १० च्या पायरीवर असेल तर सगळं अर्धवट ट्यून होतं आणि माणूस अँटेनाला दोष देत बसतो. आधी ते तपासा. बँडविड्थ सर्वांत अरुंद ठेवा. पडद्यावर दोन आकडे दिसतात त्यांपैकी सिग्नलच्या जोराचा सोडून गोंगाटाशी तुलना दाखवणारा दुसरा आकडा बघा. गोंगाट वाढला तरी पहिला आकडा वाढतो.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चअखेरपासून वळवाच्या विजा शेकडो किलोमीटरवरून कडकडतात, ऑक्टोबरात परतीच्या पावसाचं तसंच. जून-जुलैत पट्टा ऐकण्यासारखा क्वचितच असतो.

समुद्रावर जाण्यात अर्थ आहे का? शंभर टक्के. खारं पाणी जांभ्याच्या जमिनीपेक्षा शेकडो पटींनी चांगलं वाहक आहे. क्षितिजालगतच्या कमी कोनातून येणाऱ्या लहरी जमिनीवर मरतात, पाण्यावर टिकतात. दूरचं केंद्र नेमकं याच कोनातून येतं. हा फायदा पाण्याच्या कडेला सर्वांत जास्त असतो आणि आत जाल तसा उतरतो. १००० किलोहर्ट्झची लहर ३०० मीटर लांब, म्हणजे तुमचं घर लहरभराहून जास्त आत आहे. पडताळा दिवसा घ्या. मुंबई तुमच्यापासून हवाई अंतराने सुमारे २४० किलोमीटर, पणजी १८०. भर दुपारी घराच्या अंगणात १०४४ आणि १२८७ चा दुसरा आकडा लिहा, मग तोच रेडिओ त्याच दिशेला धरून ओल्या वाळूवर लिहा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे तुमच्या किनाऱ्याची किंमत.

भरतीच्या वेळा बघून जा. उधाणाच्या दिवशी पुळणीवर खाली बसू नका. थंडीत आपल्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. पांढरा टॉर्च लावू नका आणि वाळूवर रात्री वायर पसरून ठेवू नका.

गँगवाले

अँटेना म्हणाल तर चौकोनी लूप, म्हणजे चौकटीवर गुंडाळलेले वायरचे वेढे. खर्च थोडा, वीज नको, आणि मिसळलेली केंद्रं वेगळी करायचं काम तोच करतो. मापं देतो.

पीव्हीसीच्या वायरिंग पाइपचे ८५ सेंटिमीटरचे दोन तुकडे मधोमध अधिकच्या चिन्हासारखे बांधा. टोकं जोडली की प्रत्येक बाजू ६० सेंटिमीटरची येते. चारही टोकांना लाकडाची किंवा ॲक्रिलिकची ७ सेंटिमीटर रुंद पट्टी बसवा आणि तिला ५-५ मिलिमीटरवर खाचा पाडा. वेढे या खाचांत बसतील, एकमेकांना चिकटणार नाहीत.

जुन्या व्हॉल्व्ह रेडिओतला हवेचा गँग, म्हणजे फिरत्या पानांचा ट्यूनिंग कपॅसिटर, मिळाला तर उत्तम. त्याचा एक भाग साधारण ५०० पिकोफॅरडचा असतो. कपॅसिटन्स मोजणारा मल्टिमीटर असेल तर पानं पूर्ण आत घालून मोजाच, कारण वेढ्यांची संख्या त्यावर ठरते. ५०० ला ११ वेढे, म्हणजे सुमारे १७५-१८० मायक्रोहेन्री. ३६५ पिकोफॅरडच्या गँगला १३ वेढे, सुमारे २३५ मायक्रोहेन्री. ११ वेढ्यांना साडेसव्वीस मीटर वायर लागते, ३० मीटर आणा. एनॅमलची ०.८ मिलिमीटरची चालेल, घरच्या वायरिंगची पातळ इन्सुलेटेड वायरही चालेल. वायरचं एक टोक गँगच्या स्थिर पानांना, दुसरं सांगाड्याला. बस, इतकंच सर्किट. रेडिओला कसलीही वायर जोडायची नाही. गँगच्या दांड्याला प्लॅस्टिकचं मोठं बटण लावा, नाहीतर हात जवळ नेला की ट्यूनिंग हलतं.

रेडिओ लूपच्या मध्याजवळ असा ठेवा की आतला फेराइट रॉड (रेडिओची आतली अँटेना) लूपच्या पातळीला काटकोनात येईल, म्हणजे लूपच्या भोकातून आरपार जावा तसा. पीएल-३३० मध्ये रॉड रेडिओच्या लांबीला समांतर आहे. रेडिओवर जागा लावा आणि गँग हळू फिरवा. एका बिंदूवर केंद्र उसळी मारून वर येतं. तो बिंदू अरुंद आहे, भरभर फिरवलात तर निसटेल. जागा बदलली की गँग पुन्हा लावायचा. ११४३ च्या आसपास रेडिओ गुदमरत असेल तर त्याला लूपपासून ३०-५० सेंटिमीटर दूर सरकवा.

दिशा: लूपची कड केंद्राकडे असली की जोर सर्वांत जास्त, सपाट तोंड केंद्राकडे केलं की सर्वांत कमी. जोराचा भाग पसरट असतो, मरणारा बिंदू मात्र सुरीसारखा धारदार. म्हणून हवं ते केंद्र शोधत फिरवू नका, नको ते केंद्र मारत फिरवा.

कौलारू घरात लूप आत चालतो. स्लॅबमध्ये लोखंडी सळ्या असतात, तिथे पडवीत किंवा गच्चीवर न्या. पत्र्याच्या शेडखाली अजिबात नको.

सडेकर

लूपबद्दल गँगवाल्यांशी सहमत. पण समुद्रच एकमेव चांगली जागा, असं वर जे सुचवलं गेलंय ते मला पटत नाही. घरामागे सडा असलेल्या माणसाने तो सोडू नये.

तिथे विजेचे खांब नसतात, हा एक फायदा. दुसरा असा की कोरडा जांभा वाईट वाहक आहे, आणि बेव्हरेज अँटेनाला नेमकी वाईट वाहक जमीनच लागते. ही म्हणजे केंद्राच्या दिशेने सरळ ताणलेली लांब वायर. लहर जमिनीलगत थोडी पुढे कलते आणि त्या कलण्यामुळेच वायरमध्ये वीज उतरते. खाऱ्या पाण्यावर लहर कलत नाही, म्हणून पुळणीवर हीच वायर निकामी. किनाऱ्यावर लूप, सड्यावर बेव्हरेज.

आखातासाठी वायर ताणायची दिशा उत्तरेपासून २९८ अंश. मस्कत त्या रेषेवर सुमारे १,७०० किलोमीटरवर आहे. लांबी किमान २५० मीटर, उंची एक ते दीड मीटर, बांबूच्या खुंट्यांवर. २५० मीटर १००० किलोहर्ट्झला लहरीच्या पाऊण भागाहून थोडी जास्त पडते, ५४० ला निम्म्याहूनही कमी. त्यामुळे पट्ट्याच्या वरच्या अर्ध्या भागात ती खरी दिशा दाखवते, खाली फारशी नाही. दूरच्या टोकाला ४७० ओहमचा रेझिस्टर आणि अर्थ (जमिनीची जोडणी) दिला की मागून येणारं कमी होतं. न दिल्यास दोन्ही बाजूंचं ऐकू येतं. सुरुवातीला न देताच बघा.

अडचण अर्थची. जांभ्यात सळई जात नाही. तिथे १५-२० मीटरच्या दोन-तीन वायरी जमिनीवर पसरून टाका, त्याच अर्थचं काम करतात. जवळच्या टोकाला ९:१ चा ट्रान्सफॉर्मर: बीएन-७३-२०२ या दुहेरी भोकाच्या फेराइटवर रेडिओच्या बाजूला ३ वेढे, वायरच्या बाजूला ९. दोन्ही वेटोळी वेगवेगळी ठेवा, आतून जोडू नका. वायर रेडिओच्या बाहेरच्या जॅकला द्यायची, पण तो जॅक मध्यम लहरीला चालतो का ते मॅन्युअलमध्ये बघून घ्या. काही रेडिओंत तो फक्त शॉर्ट वेव्हचा असतो.

एवढ्या वायरवर ११४३ चं स्थानिक केंद्र रेडिओला आंधळा करू शकतं. मग वायर आणि रेडिओ यांच्यामध्ये सापळा घाला: १०० मायक्रोहेन्रीची कॉइल, तिला समांतर १५० पिकोफॅरडचा स्थिर कपॅसिटर आणि १०० चा ट्रिमर. हिशेबाने १९४ पिकोफॅरडला तो ११४३ वर बसतो. ट्रिमर फिरवत स्थानिक केंद्र सर्वांत क्षीण होईल तिथे थांबा.

जमीनमालकाला विचारल्याशिवाय वायर टाकू नका. गुरं अडकू नयेत म्हणून दर १० मीटरवर कापडाची चिंधी बांधा आणि ऐकून झालं की गुंडाळून आणा. सड्यावर दगड हाताने उचलू नका, खाली फुरसं असतं. अंधारात पायात बूट आणि हातात टॉर्च हवाच. आकाशात लांबवर वीज चमकली तरी वायर रेडिओपासून काढा.

उत्तररात्र

सडेकर, मान्य. मी फक्त किनाऱ्याचं बोललो ते वायर न टाकता ऐकणाऱ्याच्या हिशेबाने. २५० मीटर सरळ आणि मोकळी जागा असेल तर पहाटेच्या आखातासाठी सडाच.

खारा_वारा

एक गोष्ट सगळे विसरतात. किनाऱ्यावरून आलात की रेडिओ आणि गँग तसाच कपाटात ठेवू नका. मिठाचा थर हवेतली ओल धरून ठेवतो. गँगच्या पानांच्या टोकाला जो पांढरट इन्सुलेटर असतो त्यावरून मग वीज झिरपते आणि लूपची उसळी बोथट होते. रेडिओ ओलसर मऊ फडक्याने पुसून कोरडा करा. गँग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने धुऊन सावलीत वाळवा. डब्ल्यूडी-४० पानांवर मारू नका, तेलकट थरावर धूळ बसते. डागाच्या (सोल्डरच्या) जागा वार्निशने बंद करा, उघडं तांबं महिन्याभरात हिरवं पडतं. सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा आणि बॅटरी काढून ठेवा.

गुळे_किनारा

खूप आभार. भुणभुण निम्म्याहून जास्त गेली, पंख्याचा रेग्युलेटर आणि एक चार्जर निघाला. लूप ५०० च्या गँगवर केला, पण दोन अडचणी. उसळी १४५० पर्यंतच मिळते, त्याच्यावर गँग पूर्ण उघडला तरी काही नाही. आणि उसळी तुम्ही म्हणता तशी टोकदार नाही, पसरट आहे. वेढे खाचा न पाडता शेजारी-शेजारी गुंडाळले आहेत, तेच कारण का?

गँगवाले

तेच. वेढे चिकटले की दोन गोष्टी होतात. इंडक्टन्स वाढतो आणि वेढ्या-वेढ्यांमध्ये लपलेला कपॅसिटन्सही वाढतो. १६०२ ला पोचायचं तर गँग, वायर आणि लपलेला, सगळा मिळून ५५ पिकोफॅरडच्या आसपास राहायला हवा. चिकटलेल्या वेढ्यांत त्यातला बराच भाग आधीच खर्च होतो. खाचा पाडून पुन्हा गुंडाळा. तेवढा वेळ नसेल तर एक वेढा काढून बघा. मग खालच्या टोकाला ५३१ मिळतं का तेही तपासा. तिथे कमी पडलं तर वेढा परत घालून खाचाच पाडाव्या लागतील. गँगच्या अंगावर बारीक स्क्रूचे ट्रिमर असतील तर ते पूर्ण सैल करा, तेही वरचं टोक खाली ओढतात.

पसरट उसळीचं कारण चिकटलेले वेढे, बारीक वायर किंवा खारावलेला गँग. रेडिओ लूपला अगदी टेकवून ठेवला तरीही ती पसरते. आधी रेडिओ वीतभर लांब नेऊन बघा, फुकटचा उपाय आहे.

उत्तररात्र

आता तुमचं ८८२. हे शिकण्यासाठी आपल्या किनाऱ्यावरचं सर्वांत चांगलं उदाहरण आहे. प्रवचन म्हणजे श्रीलंकेतल्या पुट्टलमहून ट्रान्स वर्ल्ड रेडिओचं भारतीय भाषांतलं प्रक्षेपण. खालचं आकाशवाणी म्हणजे इंफाळ. रत्नागिरीहून पुट्टलम १४४ अंशांवर, सुमारे १,२०० किलोमीटर. इंफाळ ६४ अंशांवर. दोघांत ८० अंशांचं अंतर, म्हणजे जवळजवळ काटकोन. एकाला मारलं की दुसरं आपोआप पूर्ण जोरात येतं.

लूप उभा ठेवा. मोबाइलच्या होकायंत्राने दिशा घ्या, पण मोबाइल रेडिओपासून मीटरभर लांब धरून. स्पीकरचं चुंबक सुई फिरवतं. लूपचं सपाट तोंड ६४ अंशांकडे करा, म्हणजे कडा १५४ आणि ३३४ कडे. इंफाळ खाली बसेल आणि पुट्टलम वर येईल. मग सपाट तोंड १४४ कडे फिरवा, आता इंफाळ वर. लूप नसेल तर नुसत्या रेडिओनेही जमतं: रेडिओची आडवी टोकं ज्या केंद्राकडे रोखाल ते मरतं.

रात्री मरणारा बिंदू दिवसासारखा खोल मिळत नाही आणि एका जागी थांबतही नाही, कारण आकाशातून परतलेली लहर वेगवेगळ्या कोनांतून येते. लूप ५ अंशांनी डावी-उजवीकडे करा, तेवढ्याने नाही भागलं तर १०-२० अंश मागे किंवा पुढे कलवा. कलवल्याने बऱ्याचदा शेवटचा उरलेला आवाज जातो.

पहिल्यांदा संध्याकाळी पाच-साडेपाचला करा. इंफाळला डिसेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे ते आधी वर येतं. पुट्टलमचा मार्ग सहानंतर उघडतो. दोघं एकामागून एक येताना ऐकलीत की कोणाचा आवाज कुठला ते पक्कं कळेल. आकाशवाणीचं कुठलं केंद्र आहे याची खात्री करायची तर मोबाइलवर न्यूजऑनएअर ॲपवर तेच केंद्र लावून तुलना करा. ॲपमधलं मागून येतं, म्हणून एखादं गाणं किंवा बातमीतला एक शब्द धरून ठेवा आणि तो ॲपवर येतो का बघा. मोबाइल त्या वेळीही लांबच, चार्जिंगवर नसलेला.

वहीत नोंद यूटीसीमध्ये (जागतिक वेळेत) करा, म्हणजे आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा. संध्याकाळी ६.१५ म्हणजे १२.४५. तारीख, वेळ, किलोहर्ट्झ, भाषा, ऐकलेल्या कार्यक्रमाचे किमान दोन ठोस तपशील, लूपची दिशा आणि त्या दिवशीचं हवामान लिहा. केंद्राला अहवाल पाठवून क्यूएसएल कार्ड (ऐकल्याची पावती) मागायचं तर 'संगीत, मग बोलणं' एवढं पुरत नाही. कोणतं गाणं, निवेदक बाई की पुरुष, बातम्या किती वाजून किती मिनिटांनी सुरू झाल्या, हे लागतं.

८८२ जमलं की १००८ घ्या. यादीत तिथे कोलकाता ६६ अंशांवर आणि सिंधमधलं हैदराबाद ३३२ अंशांवर आहे. तेही काटकोनातच पडतात.